बधीर जागा

“हात कुठाय?”

मी अंगणात खुर्चीवर डोळे मिटून ताठ बसलो होतो. आई मागं उभी होती. कोपऱ्यात आमची शेळी वडाचा डहाळा ओरबाडत होती, तेवढाच आवाज.

“कपाळाच्या वर. मधोमध.”

“चुकलास. अजून लावलाच न्हाई.”

मी जरा वेळ थांबलो. “आता लावलायस.”

“लावून काढला पण,” आई म्हणाली आणि हसली.

हा खेळ आईनंच काढला होता. कोल्हापुरातल्या एका क्लिनिकमध्ये मी टकलावर केस लावून घेतले, त्याला तेव्हा आठवडा होत आला होता. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट एकेक उपसायचे आणि पुढच्या ओसाड जागेत टोचायचे, असं ते काम. अख्खा दिवस चाललं. मी साखर कारखान्यात केमिस्ट आणि गाव उसाचं, त्यामुळे ज्या दोघातिघांना कळलं त्यांनी लगेच शेतीच काढली. “पोवारसाहेबांनी डोक्यावर आडसाली लावण केली. आता दीड वर्षानं तोड.”

डॉक्टरांनी दिलेल्या सूचना माझ्याआधी आईच्या पाठ झाल्या. उशांना टेकून अर्धवट बसून झोपायचं. वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा आणि मुख्य म्हणजे हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरली आणि मी मार खाल्लेल्या चोरासारखा दिसायला लागलो. तेही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. खपल्या धरतील, पडतील. महिनाभरात लावलेले केससुद्धा गळतील, पण घाबरायचं नाही, मुळं आत शाबूत असतात. तीनचार महिन्यांनी पुन्हा कोंब येतील. ते सुरुवातीला राठ असतील, वेडेवाकडे असतील. ओढाताण करायची नाही. खरं रूप दिसायला वर्ष लागतं.

“आणि ह्ये बधीर?” आईनं क्लिनिकमध्येच विचारलं होतं. “ह्ये किती दिस ऱ्हातंय?”

“बहुतेकांना दोनचार महिने. एखाद्याला जास्त.”

“म्हंजे कुणी हात लावला तरी कळायचं न्हाई?”

डॉक्टर हसले. “हात लावूच नका ना, मावशी.”

तिच्या काळजीनं मला भरून आलं होतं. अगदी खरं सांगतो, आलं होतं.

घरात आम्ही दोघंच. वडील मी कॉलेजात असताना गेले, भाऊबहीण नाही. तेहतीस वर्षांचा होईपर्यंत माझं लग्न जमलं नाही, त्याला माझं टक्कल हे एकच कारण नव्हतं. पण दुसरं कारण शोधण्यापेक्षा ते बरं होतं. मग गडहिंग्लजची तृप्ती सरनोबत आली. पुण्यात बँकेत होती. तिला माझ्या टकलाचं काही वाटलं नाही.

“फेट्याखाली कोण बघणार आहे?” ती म्हणाली.

“फेटा नंतर काढावा लागतो,” मी म्हणालो, आणि ती फोनवर एवढी हसली की मी त्याच आठवड्यात क्लिनिकची वेळ घेतली. हौस माझी होती. लग्न मे महिन्यात करायचं ठरलं. मला पुण्यात एका बिस्किटाच्या कंपनीत नोकरी मिळाली होती. हंगाम संपला की कारखाना सोडायचा, लग्न करायचं, आणि जायचं. आईलाही चल म्हणालो. “शेळीला कुठं बांधू तुझ्या पुण्यात?” ती म्हणाली. “जा तू. मी काय मरत न्हाई.” गावभर तिनंच पेढे वाटले.

फक्त एक खडा होता. सुपारी फोडायच्या बैठकीत तृप्तीच्या वडिलांनी, अण्णांनी, चहाची बशी खाली ठेवून विचारलं, “तुमच्या घरात जट आहे म्हणतात.”

ज्यांच्याकडे हे नाही त्यांना सांगायला हवं. जट म्हणजे आपोआप गुंता होऊन दोरखंडासारखे चिकटलेले केस. आमच्या भागात जट आली की देवीचं बोलावणं आलं असं मानतात. ती विंचरायची नाही, कापायची नाही. कापली तर घरातलं माणूस रक्त ओकतं म्हणतात. आणि जिच्या किंवा ज्याच्या डोक्यात आली, त्यानं लग्न करायचं नाही, कारण त्याचं लग्न देवीशी लागून गेलेलं असतं. माझ्या वडिलांच्या धाकट्या बहिणीला, शेवंता आत्तीला, अकराव्या वर्षी जट आली. ती खालच्या गल्लीत, देवळाच्या मागं एकटी राहायची.

“माझ्या नणंदंच्या डोक्यात हाय,” आई म्हणाली. “ती येगळी ऱ्हाती. आमच्या घरात असलं काय न्हाई.”

“नसूदे. झालं गेलं ते गेलं,” अण्णा म्हणाले. “पण दुसरी निघाली तर मात्र मी मुलगी देणार नाही. आत्ताच बोललेलं बरं.”

मी एम.एस्सी. झालेला माणूस. मला हसू आलं होतं.

सांगितल्याप्रमाणे महिनाभरात केस गळले. उशीवर, टॉवेलवर, ताटात. लावलेले, खपल्या सोसून टिकलेले, बोटाच्या नखाएवढे केस. आई रोज सकाळी उशी अंगणात आणायची आणि एकेक केस वेचायची. वेचून त्यांची इवलीशी गुंडाळी करायची, तिच्यावर तीनदा थुंकायची आणि गोठ्याच्या भिंतीतल्या भोकात कोंबायची.

“टाकून दे की गं.”

“केस असं टाकत न्हाईत. कुणाच्या हातात गावलं म्हंजे?”

“कुणाला काय करायचेत माझे केस?”

बोटाच्या टोकानं आईनं गुंडाळी आणखी आत ढकलली.

डिसेंबरात कोंब आले. आरशात तिरकं बघितलं की काळी लव दिसायची, आणि मी दिवसातून दहादा तिरकं बघायचो. गळीत हंगाम जोरात होता. डोक्याची अशी अर्धवट अवस्था चारचौघांत दाखवायला नको म्हणून मी आपणहून रात्रपाळी मागून घेतली. सकाळी घरी यायचं, भाकरी खायची, आणि खिडकी लावून दुपार टळेपर्यंत मेल्यासारखं झोपायचं. डोकं अजून बधीरच होतं. कधीमधी आई विचारायची, “हात कुठाय?” आणि मी चुकायचो.

पहिली गाठ मला जानेवारीच्या शेवटी लागली. पुढच्या बाजूला, बरोबर मधोमध, आठदहा केस एकमेकांना धरून बसले होते. मला वाटलं कारखान्यातली चिकट मळी. साखर कारखान्यात माणसाच्या पापण्यासुद्धा चिकटतात. मी गरम पाण्यानं धुतलं, शाम्पू लावला. गाठ होती तशीच. डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, “नवीन केस असेच येतात, राठ आणि कुरळे. ओढू नका. बसतील हळूहळू.”

“बघ,” आई म्हणाली. “डॉक्टर काय म्हनला? हात लावू नको.”

मी हात लावला नाही. आठवड्यानं गाठ हरभऱ्याएवढी झाली, फेब्रुवारीत बोराएवढी. तिच्या शेजारी दुसरी. केस आता बोटाच्या दोन पेरांएवढे वाढले होते, आणि एका ठिकाणी येऊन एकमेकांत मुरत होते. रंग पिवळट. एकदा आरशाजवळ गेलो तर हळदीचा वास आला. घरात हळद असतेच, मी स्वतःला समजावलं. पण मळी असती तर ती पाण्यात विरघळली असती, एवढं तर मला कळत होतं. दिवसभरात शंभर नमुने तपासणारा मी, त्या चिकट्याचा नमुना मात्र प्रयोगशाळेत नेला नाही. का नेला नाही? भ्यालो होतो. तपासणीत काहीच निघालं नसतं तर मग काय करणार होतो?

मग मुंग्या सुरू झाल्या. डोक्यावरून मुंग्या चालाव्यात तशा, कधी झोपेत, कधी काम करताना. हात लावावा तर तिथं काही नसे.

एका दुपारी मला अवेळी जाग आली. खोलीत नुकतंच कोणीतरी होतं आणि आता नाही, असं वाटत होतं. दार लोटलेलं. कपाळावर काहीतरी ओघळलं होतं. पुसलं तर बोटाला पांढरं आलं.

“आई, दूध सांडलंय का माझ्यावर?”

“शेळीची धार काढून आत आलेलो, सांडलं असंल,” आई बाहेरून म्हणाली.

बोट घासलं तर ते दूध चिकट लागलं. मी कूस बदलून झोपलो. आज मला त्या झोपेची लाज वाटते, पण रात्रपाळीच्या माणसाला झोपेपुढं देव दिसत नाही.

आणि देव दिसायचाच होता. त्याच आठवड्यात सकाळी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना वाऱ्यानं माझी टोपी उडाली. समोर ऊसतोडीच्या बायका ट्रॉलीतून उतरत होत्या, त्यांचा कलकलाट चालला होता. तो थांबला. एक म्हातारी पुढं आली, स्वतःच्या कपाळावरचं कुंकू अंगठ्यानं पुसून तिनं माझ्या कपाळाला लावलं, आणि मी नको नको म्हणेपर्यंत पायांवर डोकं ठेवलं.

“उदं गं आई, उदं.”

मागं उभ्या असलेल्या बायकांनीही तेच म्हटलं. मोठ्यानं नाही, घाबरल्यासारखं. मी टोपी उचलायलासुद्धा थांबलो नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं मनाशी म्हणून हसायचा प्रयत्न केला, पण घरी येईपर्यंत एकदाही मागं वळून बघितलं नाही.

आईनं माझ्या कपाळावरचं कुंकू बघितलं आणि ती उंबऱ्यातच खाली बसली. ती आयुष्यभर आत्तीच्या जटेची टिंगल करत आलेली बाई. “उवांचं वारूळ,” असं म्हणायची. तिनं आता पदर डोळ्यांना लावला.

“तिच्या मनात असंल तर आपुन काय करणार, धैर्या?”

“कुणाच्या मनात?”

“तुला म्हाईत न्हाई व्हय?” ती म्हणाली. मग सावकाश, आधीच ठरवून ठेवल्यासारखं बोलली, “कुणाची पोर फसवून आणायची न्हाई. शुक्रवारी सरनोबत अण्णांना बोलवून घिऊ. त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या. मग त्यांनी काय ते ठरवावं.”

मी तृप्तीला फोन केला.

“कापून टाक सरळ,” ती म्हणाली.

“अगं, कापलं आणि…”

“आणि काय?”

मला ‘आई रक्त ओकली तर’ असं म्हणायचं होतं.

“तू घाबरलायस, धैर्या,” तृप्ती म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, आणि तेच जास्त लागलं. “बाबांना मी समजावलं असतं. पण तूच मनातून त्या गाठीचा झालास, तर मी कुणाशी भांडू? शुक्रवारपर्यंत मला सांग. मी थांबेन, पण जन्मभर नाही थांबणार.”

गुरुवारी सकाळी पाळी संपल्यावर मी घरी न जाता खालच्या गल्लीत गेलो. आत्तीकडे मला लहानपणापासून जाऊ दिलेलं नव्हतं. जी देवीचं बोलावणं घेऊन बसली आहे, तिलाच विचारावं की यातून सुटका असते का. दुसरं कोणी उरलं नव्हतं.

आत्ती दारातच बसली होती. मांडीवर मांजर घेऊन बसावं तशी तिनं जट मांडीवर घेतली होती. मनगटाएवढी जाड, राखी रंगाची.

“ये,” ती म्हणाली. “लोक सांगत हुती. काढ टोपी.”

मी टोपी काढली. मला वाटलं तीही पाया पडेल. तिनं माझी मान धरून डोकं खाली ओढलं, नाक गाठींना लावलं, आणि वास घेतला. बराच वेळ घेतला. मग सोडून दिलं.

“तुमची शेळी दूध देती का अजून?”

“देते. का?”

“वैनी तिला डहाळं कशाचं आणती?”

“वडाचं. आत्ती, मी काय विचारायला आलोय आणि तू…”

“ह्ये देवीचं न्हवं, धैर्या,” ती म्हणाली. “ह्ये वडाचं हाय. चीक हाय. हळदीत कालवून लावलाय.”

समोरच्या भिंतीवर ऊन पडलं होतं. एक बाई घागर घेऊन गेली आणि जाताना आत्तीला नमस्कार करून गेली.

“तुला काय माहीत?”

“माझ्याच डोक्याचा वास मला कळंना व्हय?” तिनं जटेवरून हात फिरवला. “तुझा बाप बायकोला घिऊन मिरजेला नोकरीला निघालेला. माझं लगीन झालं की आमची आई एकटी पडणार हुती. दुपारी मला न्हाऊ घालायची आणि मांडीवर निजवायची. लई ग्वाड वाटायचं. एक दीस मला जाग आली. डोळं किलकिलं करून बगितलं, तर आई माझ्या केसांत बोटं फिरवतीया आणि म्होरं तुझी आई वाटी धरून बसलीया. नवी नवरी. हातातला चुडासुद्धा उतरला नव्हता.”

“मग? तू ओरडली नाहीस?”

“डोळं मिटून घेतलं.”

“का?”

“आईचा हात हुता रं डोक्यावर,” आत्ती म्हणाली. “मी वरडलं असतं तर तो थांबला असता.”

मी विचारलं, “पण नंतर तरी? नंतर कुणाला सांगायचं.”

“सांगून मग मी कोण उरतो? आत्ता माणसं पाया पडत्यात, दोन घास घालत्यात. आईनं चीक लावला म्हनून सांगिटलं असतं तर मी निस्ती एक बिनलग्नाची बाई.” ती थोडी पुढं झुकली. “आणि आणखी एक सांगतो तुला. आई मेली, चीक बंद झाला. मला वाटलं आता सुटंल. पर ही वाढतच गेली. कुणी हात न लावता एवढी झाली. तवा आता मलाबी सांगता येत न्हाई, ही कुणाची हाय.”

“आत्ती, मी कापू ती? आत्ता कापतो.”

ती हसली. तिचं हसणं अगदी वडिलांसारखं होतं, हे मी पहिल्यांदा बघत होतो.

“ह्ये वजन गेलं तर मान ताठ ऱ्हायची न्हाई माझी. तू तुझं बग. चीक तेलानं सुटतोय.” मी उठलो तेव्हा तिनं माझा हात धरला. “वैनीला शिव्या देऊ नको. सासूनं तिला शिकवलं ते एवढंच.”

घरी आलो. आईनं भाकरी वाढली. मी खाल्ली. तिच्या बोटांकडे बघवत नव्हतं आणि नजर हटतही नव्हती. नखांच्या कडा पिवळ्या होत्या. स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईच्या असतात तशाच.

“दमलायस,” ती म्हणाली. “नीज जा.”

मी खिडकी लावली आणि आडवा झालो. अजूनही मला वाटत होतं की कोणी येणार नाही. आत्तीचं डोकं फिरलं असेल. देवीच असेल, त्यापेक्षा देवी परवडली असती.

दार वाजलं नाही. फक्त खोलीतला उजेड जरा वाढला आणि कमी झाला. फरशीवर वाटी टेकल्याचा आवाज आला, मग हळदीचा वास. आई माझ्या उशाशी बसली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती जरा धापा टाकत होती, वय झालं होतं तिचं.

मग ती अगदी हळू, पुटपुटल्यासारखं म्हणाली, “हात कुठाय?”

म्हणजे ती रोज विचारत होती. रोज आधी विचारून, उत्तर आलं नाही की मग सुरू करत होती.

आणि मला हात कळला. पूर्ण कळला. तिच्या पहिल्या बोटाचं खरबरीत टोक, चिकाचा गारवा, एक केस दुसऱ्यावर आणून दाबल्यावर बसलेली बारीकशी ओढ. इतक्या दिवसांच्या त्या मुंग्या म्हणजे माझ्या डोक्यात जीव परत येत होता, एवढंच. बोटं घाई करत नव्हती. लहानपणी ताप आला की अशीच फिरायची. आत्ती अकरा वर्षांची असताना का गप्प राहिली ते मला तेव्हा समजलं, आणि मी गप्प राहिलो तर काय होईल तेही समजलं. उद्या अण्णा येतील, बघतील, उठून जातील. आई संध्याकाळी भाकरी करील. असंच वर्षानुवर्षं.

“कपाळाच्या वर,” मी म्हणालो. “मधोमध.”

हात थांबला. मला वाटलं ती तो झटक्यानं काढून घेईल, वाटी लपवील, काहीतरी बोलेल. तिनं हात काढला नाही. तो तिथंच राहिला.

“कवापासनं कळतंय?”

“आज.”

बाहेर शेळी ओरडली. आई म्हणाली, “तू गेल्यावर हितं कोण हाय मला?” तक्रार नव्हती त्यात. लहान मूल अंधारात विचारतं तसं तिनं विचारलं.

मला राग यायला हवा होता. तो आला, नंतर बरेच दिवस येत राहिला. पण त्या घटकेला मला रडू आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी उठून भिंतीकडे तोंड करून बसलो.

“तेल आण,” मी म्हणालो.

ती उठली आणि खोबरेलाची बाटली घेऊन आली. माझ्या मागं बसली आणि तिनं डोकं मांडीवर ओढून घेतलं. ज्या बोटांनी गाठी घातल्या त्याच बोटांनी ती सोडवायला लागली. एकेक केस. चीक तेलात मऊ होऊन तिच्या पदराला लागत होता. दुपार सरली तरी ती उठली नाही, मीही उठलो नाही.

मग तिची बोटं डोक्याच्या मागच्या बाजूला गेली. जिथून केस काढले होते तिथं, मानेच्या वर. तिथं थांबली.

“धैर्या,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “ही गाठ माझी न्हाई.”

मागं गाठ आहे हे मलाही माहीत नव्हतं.

“देवीशपथ. मी मागं कधी हात लावला न्हाई.”

ती खरं बोलली की नाही, ते मला आजही माहीत नाही. मी तिला नंतर कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा आले तेव्हा मी उघड्या डोक्यानं त्यांना पाणी दिलं. आईनं पुरणपोळी केली होती. ते जेवून गेले. मे महिन्यात अक्षता पडल्या. आई पुण्याला कधी राहायला आली नाही. मीच दर पंधरवड्याला जायचो, ती असेपर्यंत. आत्ती तिच्यामागं दोन वर्षं होती. केस छान आले, सगळे म्हणतात. फक्त मागच्या त्या जागी तृप्तीची फणी अजून अडखळते, आणि ती काही बोलत नाही.

त्या दुपारी मात्र मी एवढंच म्हणालो, “कुणाची का असेना. सोडव.”

आईनं हातावर तेल घेतलं. ती गाठ बाकीच्यांसारखी मऊ होईना. तिनं दोन्ही हात लावले, दाताखाली ओठ धरला, आणि ओढली.

“दुखतंय?” तिनं विचारलं.

कित्येक महिन्यांत त्या डोक्याला काही दुखलं नव्हतं. आता डोळ्यांत पाणी येईपर्यंत दुखत होतं.

“दुखतंय,” मी म्हणालो. “पण थांबू नको.”